पलतडचं टोक

खाणीवरची नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, पण तिथले किस्से काही मला सोडत नाहीत. आम्ही जुने चार जण कुठे लग्नाकार्यात भेटलो की एक जण सुरू करतो, दुसरा त्याला मधेच दुरुस्त करतो आणि तिसरा म्हणतो, तू तर त्या दिवशी रजेवर होतास! घरच्यांना वाटतं, यांच्या पोटात अजून किती शिल्लक आहेत कोण जाणे. खरं म्हणजे फार नाहीत. आणि जे आहेत त्यातले निम्मे एका पुलावरचेच आहेत.

खाण होती लोखंडाच्या मातीची, वेंगुर्ल्याच्या खाली, गोव्याच्या हद्दीकडे. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजूनही भांडायला येतील. मी कचेरीत टायमकीपर होतो. गावाच्या मधून खाडी जायची. अलीकडची वाडी ती अलतड, पलीकडची ती पलतड. खाण अलतडीला आणि माती बार्जमध्ये भरायचा धक्का पलतडीला. म्हणून कंपनीने खाडीवर लाकडी पूल बांधला, त्यावर रूळ टाकले, कुठूनसं एक जुनं डिझेल इंजिन आणलं आणि मागे लोखंडी डबे जोडले.

आमच्या जिल्ह्यात तेव्हा रेल्वे नव्हती. कोकणात रेल्वे येणार, येणार, हे ऐकत माणसं म्हातारी होत होती. ज्यांनी मुंबईत आगगाडी पाहिली होती ते आमच्या गाडीला हसायचे. ज्यांनी पाहिली नव्हती ते तिला सरळ रेल्वे म्हणायचे, आणि आम्ही कधी त्यांची चूक काढली नाही. आम्हालाही ते ऐकायला बरं वाटायचं.

*

इंजिनचा ड्रायव्हर सांतान मिस्त्री. ख्रिस्तांव, अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा. एके सकाळी तो इंजिन सुरू करतोय तर एक म्हातारबाबा ट्रंक, वळकटी आणि आमसुलांचा डबा घेऊन पहिल्या डब्यापाशी हजर! मुंबईला मुलाकडे निघालो म्हणाले.

सांतानने समजावलं की ही गाडी धक्क्यापर्यंतच जाते. म्हातारबाबा म्हणाले, ठीक आहे, धक्क्यावरून मचवा वेंगुर्ल्याला जातो की नाही? जातो. वेंगुर्ल्याहून मुंबईची बोट सुटते की नाही? सुटते.

"मगे ही गाडी मुंबयेकच जाता मां?"

सांतान इंजिनवरून खाली उतरला. त्याने ट्रंक उचलून डब्यात ठेवली. पुढे कळलं की म्हातारबाबा मुंबईभर सांगत सुटले होते, आमच्या दारातून रेल्वे निघते म्हणून.

*

पुलाची देखभाल तात्या मुकादमाकडे. उंच, सडपातळ, कानावर विडी आणि हातात कायम हातोडी. होडीतून खांबाखांबाशी जायचं आणि ठोकून आवाज ऐकायचा, हे त्याचं रोजचं काम. बायको तरुणपणीच गेलेली. घरात तो आणि त्याची एकुलती एक मुलगी शेवंता.

पावसाळ्यात खाण बंद असायची. दसऱ्याला इंजिनला झेंडूच्या माळा घालायच्या, मग गाडी सुरू. पण आधी अलतडीच्या गुरवाने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि सांतानने पाद्र्याकडून आणलेलं पाणी रुळांवर शिंपडायचं. आमचे साहेब लांबचे, दक्षिणेकडचे. पहिल्या वर्षी ते वैतागून म्हणाले की एका पुलाला किती देवांची परवानगी लागते? सांतानने शांतपणे सांगितलं, "साहेब, पुलाक टोका दोन आसत."

हे झालं की तात्याची पाळी. पहिली भरलेली गाडी पुलावरून जाताना तो होडी घेऊन बरोबर पुलाखाली जाऊन उभा राहायचा. त्याच्या आज्याने म्हणे कुठल्याशा ओढ्यावरच्या साकवाखाली असंच केलं होतं. जो पूल राखतो त्याने खाली उभं राहायचं, पडला तर पहिला त्याच्यावर पडू दे. साहेबांनी पहिल्या वर्षी आरडाओरडा केला. दुसऱ्या वर्षी मात्र तात्याची होडी पुलाखाली दिसल्याशिवाय त्यांनी गाडीला झेंडा दाखवला नाही.

*

पुलाने आमच्या गावात सोयरिकी जुळवल्या. त्याआधी अलतडीची मुलगी पलतडीला कोणी देत नसे. पावसात होडी बंद आणि वळसा घालून जायचं तर दिवस मोडायचा. समोर दिसणारं माहेर, पण जायची सोय नाही. असं माहेर दिसत राहण्यापेक्षा न दिसलेलं बरं, असं बायका म्हणायच्या.

पूल झाला आणि तात्याने शेवंता पलतडीच्या वासूला दिली. वासू आमच्याच गाडीवर ब्रेक सांभाळायचा. गोरटेला, हसरा, कामाला चोख. त्याचं घर पुलाच्या पलतडच्या टोकाला अगदी लागून. तात्या म्हणायचा, मुलगी दिली कुठे, पुलाच्या त्या बाजूला ठेवली आहे.

वरात निघाली ती आमच्या गाडीतून! साहेबांनी हौसेने परवानगी दिली. आम्ही डबे धुतले, आंब्याचे डहाळे बांधले, आत चटया टाकल्या. पण खाणीचे डबे ते, सांध्यासांध्यांत बसलेली तांबडी माती कुठे जाणार? गाडी हलली आणि माती उडायला लागली. पलतडीला उतरेपर्यंत नवरीचा शालू, नवऱ्याचा फेटा, भटजींची शेंडी, सगळं एका रंगाचं झालं होतं.

वासूची आई काशीबाय आरती घेऊन उभी. तिने नवरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि व्याह्याला सुनावलं की मुलीला हळद लावून पाठवायची असते, माती लावून नव्हे. तात्या कसला ऐकतोय!

"काशीबाय, ह्या मातयेक लोक परदेशातसून बोटी धाडतत. तुमका घरबसल्या गावली."

काशीबाय आरती हातात घेऊन इतकी हसली की निरांजन विझलं. पुन्हा लावावं लागलं.

*

आमच्याकडची रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. तात्या रीतीला पक्का. पण घरात चूल पेटवायला कोणी नाही, आणि चहा करणारी मुलगी पुलाच्या त्या टोकाला. मग त्याने तोड काढली.

रोज सकाळी खांब ठोकून झाले की तो हातोडी घेऊन वरून पूल तपासत निघायचा. पलतडच्या टोकाला रुळांखालच्या शेवटच्या लाकडी स्लीपरवर पाय सोडून बसायचा, खाली उतरायचा नाही. शेवंता अंगणातून कपबशी घेऊन यायची आणि हात उंच करून त्याला द्यायची. लेकीच्या घरी काही घेतलं का? नाही. पूल कंपनीचा, बसला कंपनीच्या लाकडावर! बापलेक अर्धा अर्धा तास बोलत राहायचे. काय बोलायचे देव जाणे, कारण इकडे परत आल्यावर तात्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. पण त्याचा चेहरा पाहिला की कळायचं की आज चहात आलं होतं.

साहेबांच्या हे लक्षात आलंच. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, मुकादम, तुम्ही अलीकडचं टोक पाच मिनिटांत तपासता, पलीकडच्या टोकाला एवढा वेळ का लागतो? तात्याने हातोडी खांद्यावर घेतली.

"साहेब, पुलाचा ता टोक जरा खिळखिळा आसा."

कचेरीत जो हशा पिकला! पुढे कित्येक महिने कोणी कामावर उशिरा आला की आम्ही हेच म्हणायचो. बायको माहेरी गेलेला कोणी उदास दिसला तरी हेच. साहेबही शिकले आणि आपल्या दाक्षिणात्य उच्चारात हेच म्हणू लागले.

मग शेवंताला दिवस गेले. तात्याचा पाय जमिनीला लागेना. आता मूल होईल, रीत संपेल आणि मी माझ्या लेकीच्या घरात पाटावर बसून जेवीन, असं तो भेटेल त्याला सांगायचा. काय रांधायचं तेही त्याने ठरवून ठेवलं होतं. उकडा भात आणि खाडीतल्या तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, तिखलं, दुसरं काही नको.

*

आता जे सांगतो तो किस्सा नव्हे. पण तो गाळला तर पुढचं काही कळायचं नाही.

गोवा सुटायच्या अगोदरची गोष्ट. दसऱ्याला गाडी सुरू झाली होती. तात्या नेहमीसारखा पुलाखाली उभा राहिला होता आणि पूल नेहमीसारखा उभा राहिला होता. थंडी पडायला लागली होती. एका सकाळी मी कचेरीत बसलो असताना मोठा आवाज झाला. मला वाटलं, खाणीत सुरुंग उडवला. मग लक्षात आलं की आवाज खाडीकडून आला.

भरलेली गाडी पुलाच्या पलतडच्या टोकाला पोचली आणि तिथले खांब एकदम खाली बसले. इंजिन आणि मागचे डबे खाडीत गेले. तात्या चहा पिऊन नुकताच परतला होता. अलतडच्या टोकावर उभं राहून त्याने सगळं पाहिलं. सांतान पाण्यातून वर आला आणि पुन्हा बुडी मारली, पुन्हा वर आला, पुन्हा मारली. शेवटी दोघांनी त्याला धरून काठावर ओढलं. इंजिनच्या मागच्याच डब्यावर ब्रेकपाशी वासू होता. तो वर आला नाही. दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर काठच्या कांदळाच्या झाडीत सापडला.

आम्ही होडीतून पलतडीला गेलो. सगळा गाव काठावर जमला होता. शेवंता रडत नव्हती. बापाला पाहून ती सगळ्यांमधून पुढे आली.

"बाबा, तुमी रोज पूल बघूक येत होतास, काय माका?"

आमच्यापैकी कोणीही पुढे झालं नाही. काशीबायने सुनेला धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं. परतताना होडीत तात्या पाण्याकडे बघत एकच म्हणत होता, "पूल माझ्यार कित्याक पडूक नाय? दसऱ्याच्या दिसा माझ्यार कित्याक पडूक नाय?"

मी त्या होडीत होतो. आणि ते खिळखिळ्या टोकाचं वाक्य त्या दिवसापासून आमच्यात कोणी उच्चारलं नाही.

*

चौकशीला माणसं आली, मोजमापं घेतली, गेली. त्यांनी काय ठरवलं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. तात्याला कंपनीने काढलं नाही, तोच कामावर आला नाही. पूल पुन्हा बांधला नाही. मोडका पूल तसाच राहिला, अलतडचा निम्मा उभा, पलतडीकडे नुसते खांब.

पहिलं बाळंतपण माहेरचं, पण शेवंता आली नाही. मुलगा झाल्याचं कळलं तेव्हा तात्या सावंतवाडीला गेला आणि लाकडी पाळणा घेऊन आला, वर टांगायला रंगवलेली चिमणीपाखरं. पण न्यायचा कोणी? स्वतः जायला तो तयार नव्हता. तिने हाक मारली तर जाईन, म्हणायचा.

पाळणा सांतान घेऊन गेला. दारात काशीबाय. तात्याचं नाव काढलं तर ती पाळणा खाडीत टाकेल या भीतीने सांतानने ठोकून दिलं की साहेबांनी भेट पाठवली आहे. काशीबायने पाळणा घेतला आणि साहेबांना आशीर्वाद दिले.

सांतानने परत येऊन हे सांगितल्यावर तात्या दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. नंतर मात्र सांतान मासे घ्यायला पलतडीला जाऊन आला की तात्या वाटेत गाठायचा आणि खाली बघून विचारायचा, "काय रे, सायबाच्या पाळण्यात पोर बरा निजता मां?"

*

रोज संध्याकाळी तात्या मोडक्या पुलाच्या टोकाशी जाऊन बसायचा. ओहोटी लागली की पलीकडे शेवंता पाटी घेऊन तिसऱ्या काढायला उतरायची. खाडी काही समुद्र नव्हे, हाक मारली तर सहज ऐकू जावी. तो तिला बघायचा. ती कधीतरी कंबर ताठ करायला उभी राहायची तेव्हा त्याला बघायची. दोघांपैकी कोणी हात हलवला नाही. पोर चालायला लागलं ते तात्याने खाडीच्या या बाजूने पाहिलं.

सांतानने एकदा चिडून विचारलं की आता मूल झालं, रीत संपली, तर होडीत बसून सरळ का जात नाहीस? तात्या म्हणाला, रीत संपली की बापाला बोलवायचं असतं. न बोलावता कसा जाऊ?

मला त्या माणसाचा राग यायचा आणि कीवही यायची, दोन्ही एकदम. आम्ही सगळे कशाची ना कशाची वाट बघत होतो. कोणी बोटीची, कोणी मुंबईच्या मनीऑर्डरीची, कोणी रेल्वेची. पण हा माणूस एका हाकेची वाट बघत होता, आणि ती हाक येईल असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हतं.

*

गोवा सुटला. हद्दीवरचा रस्ता मोठा झाला, माती ट्रकने जाऊ लागली. शेवंताचा मुलगा शाळेत जायला लागला. मग कंपनीने ठरवलं की खाडीतले जुने खांब उपटायचे, कारण होड्या त्यांच्यावर आपटत होत्या. काम आमच्याच जुन्या लोकांना दिलं. मी हजेरी घ्यायला, सांतान चेनपुलीवर. तात्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण तो सकाळी येऊन होडीत बसला. आम्ही त्याला उतर म्हटलं नाही. किती वर्षांनी तो पलतडीच्या काठावर आला होता! पण वर चढला नाही, पाण्याशीच दगडावर बसून राहिला, घराकडे पाठ करून.

पलतडच्या टोकाचा पहिला खांब वर आला आणि काठावर आडवा पडला. वरचा भाग टणक, डांबराने काळा. पाण्याखालचा भागही वरून बरा दिसत होता. सांतानने कुऱ्हाड मारली तर ती दांड्यापर्यंत आत गेली. आत लाकूड नव्हतंच, नुसती भोकं. खाऱ्या पाण्यातली कीड.

ही कीड आम्हाला का माहीत नव्हती? खाडीकाठची माणसं आम्ही. दरवर्षी होड्या वर ओढून, बुडाला जाळ देऊन तेल लावायचो ते ह्याच किडीसाठी. पण पूल वर ओढता येत नाही, आणि पूल म्हणजे काही होडी नव्हे, असं सगळेच धरून चाललो होतो. तात्या खांब ठोकायचा तो पाण्याच्या वर. कीड पाण्याच्या खाली.

माझ्या मनात आणखी एक आलं. ही भोकं तेव्हाची की नंतर इतकी वर्षं खांब पाण्यात राहिले त्यातली, हे आता कोण सांगणार? सांतानच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याच्याही मनात तेच आहे. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

शेवंता कधी खाली आली ते कळलं नाही. ती खांबाजवळ बसली, एका भोकात बोट घातलं आणि तसंच ठेवलं. मग बापाकडे न बघता विचारलं, "ठोकल्यार आवाज कसो येत होतो?"

तात्या म्हणाला, "बरो येत होतो गो. बरोच येत होतो."

ती उठली. घरात जाऊन पाटी घेऊन आली आणि सांतानने फोडलेले तुकडे त्यात भरू लागली, वरचे सुके सुके निवडून. सांतान मदतीला वाकला तर तिने मानेनेच नको म्हटलं. पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. आम्हाला वाटलं, सरपणाला नेलं असेल.

आम्ही दुसरा खांब धरला. थोड्या वेळाने अंगणातल्या चुलीवर धूर दिसला. खारं लाकूड ते, ज्वाळ निळसर दिसत होती. काशीबाय दारात बसली होती. तिने सुनेला काही विचारलं नाही, उठून नारळ मात्र आणून दिला. तिसऱ्यांच्या तिखल्याचा वास काठापर्यंत आला. तात्या घराकडे पाठ करून बसला होता, पण त्याची मान हळूहळू खाली गेलेली मला दिसली.

दुपार झाली. शेवंता पदराने हात पुसत काठावर आली आणि बापाच्या समोर येऊन उभी राहिली. पान वाढलंय, जेवायला चला म्हणाली. तात्या उठला. त्याने खाडीत हात धुतले, पुन्हा धुतले. आणि मग एकटं जायचा धीर होईना म्हणून की काय, वळून आमच्याकडे बघत राहिला.

शेवंतानेही आमच्याकडे बघितलं.

"बाबा, सगळ्यांका घेवन येवा," ती म्हणाली. "लाकडा खूप आसत."